घरातलं मराठी बंद करू नका, आधी कान तपासून घ्या

नमस्कार मॅडम,
आम्ही घणसोलीला राहतो. मुलगा 2 वर्षं 9 महिन्यांचा आहे. आठ-दहाच शब्द बोलतो, आई, बाबा, दे, नाय, गाडी असे. काही हवं असलं की माझा हात धरून ओढत फ्रिजपाशी नेतो, बोट दाखवत नाही. मोबाइलवरच्या एबीसीडीच्या गाण्यांच्या ओळी मात्र जशाच्या तशा म्हणतो. हाक मारली की कधी बघतो, कधी नाही, पण कुकरची शिट्टी झाली की धावत येतो म्हणजे ऐकू येतं. मी ऐरोलीला आयटीत जॉब करते, दिवसभर सासूबाई सांभाळतात, त्या साताऱ्याकडच्या आहेत, गावाकडचं मराठी बोलतात. कामाच्या मावशी हिंदी बोलतात. प्लेग्रुपच्या टीचर म्हणाल्या की तीन भाषांनी तो कन्फ्यूज झालाय, घरात फक्त इंग्लिश बोला. सासूबाईंना इंग्लिश येत नाही, त्यामुळे आता त्या त्याच्याशी फारसं बोलतच नाहीत. एका सेंटरमध्ये गेलो तर पहिल्याच दिवशी आठवड्याला 5 सेशन आणि 6 महिन्यांचं पॅकेज आगाऊ भरा म्हणाले, आणि पालकांनी बाहेर बसायचं. मिस्टर म्हणतात मी पण उशिरा बोललो होतो, दिवाळीपर्यंत थांबू. शेजारच्या काकू सांगतात जिभेला वेखंड लावा. मला रात्री झोप लागत नाही. मी नोकरी करते म्हणून हे झालं का? आधी तो 'पाणी' आणि 'बाय' म्हणायचा, ते पण आता बंद झालंय.
एक आई, घणसोली

ताई,

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीत. आधी 'पाणी' आणि 'बाय' म्हणायचा, आता म्हणत नाही. मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकी गोष्टींवर घरात कितीही वाद होऊ देत, यावर वाद नाही. मूल उशिरा बोलतंय हे एक, आणि आलेले शब्द गेले हे वेगळं. आलेला शब्द गेला, टाटा करायचा ते थांबलं, हसून बघायचा ते कमी झालं, असं काहीही कुठल्याही वयात दिसलं तर वाट बघायची नसते. तेव्हा दिवाळीपर्यंत नाही, याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्यायची. घाबरवायला लिहीत नाहीये हो, पत्र वाचून कुणालाच निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही, पण थांबू नका हे मात्र अगदी ठासून सांगते.

शब्द गेले नसते तरी मी थांबा म्हटलं नसतं. दोन वर्षांचं मूल साधारण पन्नासेक शब्द बोलतं आणि 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्द जोडायला लागतं, तिसऱ्या वर्षापर्यंत तीन-तीन शब्दांची वाक्यं येतात आणि घराबाहेरच्या माणसालाही त्याचं बरंचसं बोलणं कळतं. पाच-दहा शब्द इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही, पण तुमचा मुलगा या आकड्यांपासून बराच लांब आहे.

पहिलं काम कानाचं. कुकरची शिट्टी ऐकली म्हणजे ऐकू येतं हे मला जवळजवळ प्रत्येक घरात सांगतात आणि त्यात बऱ्याचदा मोठा घोळ असतो. कुकर मोठ्याने वाजतो, दार धाडकन लागतं, ढोल वाजतो, हे कळणं सोपं आहे. बोलण्यातले स, श, फ, त असे हलके, बारीक आवाज ऐकू येणं ही निराळी गोष्ट आहे, ते निसटले तर मुलाला कुणीतरी बोलतंय एवढं कळतं पण काय बोलतंय ते कळत नाही. दुसरं म्हणजे सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, बाहेरून काही दिसत नाही, बऱ्याचदा दुखतही नाही, आणि मग मूल आज हाकेला बघतं, उद्या बघत नाही. तुम्ही लिहिलंय ना, कधी बघतो कधी नाही. कारण हेच असेल असं नाही, पण हे नाहीये याची खात्री करून घेतल्याशिवाय पुढची पायरी चढूच नये. जन्माच्या वेळी हॉस्पिटलने टेस्ट पास म्हणून सांगितलं असेल तरीसुद्धा, कारण ऐकू येणं नंतरही कमी होऊ शकतं.

त्यासाठी ईएनटी डॉक्टरांना दाखवा आणि ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडून, तपासणी करून घ्या. कानात छोटं रबरी बूच घालून हवेचा दाब देतात, त्यातून पडद्यामागे पाणी आहे का ते कळतं, मिनिटभराचं काम. मग ओएई आणि बेरा टेस्ट. ओएईत कानात बारीक आवाज सोडून आतला कान त्याला प्रतिसाद देतो का ते बघतात. बेराला मूल झोपलेलं लागतं, कपाळावर आणि कानामागे वायरी चिकटवतात, कानात टक-टक असा आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत तो पोचतोय का याचा आलेख मशीनवर येतो. अजिबात दुखत नाही. फक्त त्या दिवशी त्याला पहाटे लवकर उठवा आणि रिक्षात किंवा लोकलमध्ये डुलकी लागू देऊ नका, नाहीतर तिथे पोचेपर्यंत साहेब फ्रेश आणि तुम्ही सगळे रडकुंडीला. झोपेचं औषध द्यायचं की नाही ते तिथले डॉक्टर ठरवतील, घरून काही देऊन नेऊ नका. हल्ली आवाज ऐकला की ठोकळा डब्यात टाकायचा अशी खेळातली तपासणीही करतात, पण त्यासाठी मुलाला तो खेळ कळावा लागतो, त्याला जमेल का ते ऑडिओलॉजिस्ट बघून ठरवेल.

आता दुसरी गोष्ट, जी तुमच्या मनात आहे पण तुम्ही लिहिली नाहीत. बोट न दाखवता हात धरून नेणं, गाण्यातल्या ओळी तशाच्या तशा म्हणणं, हाकेला कधीतरीच बघणं, आणि आलेले शब्द जाणं, ही सगळी लक्षणं एका मुलात एकत्र दिसतायत म्हणून त्याला डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनना, म्हणजे मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांना, दाखवायलाच हवं. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असू शकतो, नसूही शकतो. तुम्ही आज रात्रीच गुगल कराल आणि एम-चॅट नावाची ऑटिझमची शक्यता चाचपणारी प्रश्नावली तुम्हाला सापडेल, ती 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी आहे, तुमचा मुलगा 33 महिन्यांचा आहे, त्यामुळे ती भरून स्वतःच निकाल लावू नका. डॉक्टर समोर बसून खेळतात, बघतात, तुम्हाला तासभर प्रश्न विचारतात, त्यावरून ठरतं. आणि निदान काहीही निघो, बोलण्याचं काम त्यासाठी थांबवून ठेवायचं नसतं, ते आजपासून सुरू करता येतं.

त्या गाण्याच्या ओळींबद्दल दोन शब्द. लोक म्हणतात हे पोपटासारखं आहे, याला अर्थ नाही, गाणं बंद करा. तसं करू नका, आधी तो कुठली ओळ कधी म्हणतो ते वहीत लिहून काढा. माझ्याकडे एक मुलगी यायची, ती मधेच 'पुढील स्टेशन ठाणे' म्हणायची, अगदी लोकलमधल्या बाईच्या सुरात. सगळे हसायचे. नंतर लक्षात आलं की खोलीतून बाहेर जायचं असलं की ती ही ओळ म्हणते, कारण ते ऐकलं की गाडीतून उतरायचं असतं हे तिला पक्कं माहीत होतं. मग तिने ते म्हटलं की आम्ही दाराकडे हात करून 'बाहेर जाऊ' म्हणायचो आणि लगेच बाहेर न्यायचो, आणि पुढे 'बाहेर' तिच्या तोंडात बसलं. तुमच्या मुलाच्या ओळींमागेही असं काही असण्याची बरीच शक्यता आहे.

आता भाषेचं. ताई, हे मी जरा जोरातच सांगणार आहे. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मुलाला भाषेचा प्रॉब्लेम होत नाही. यावर जगभर भरपूर अभ्यास झालाय, ऑटिझम असलेल्या मुलांवर झालाय, डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांवर झालाय, आणि दुसरी भाषा काढून टाकली म्हणून मूल जास्त बोलायला लागलं असं त्यातून दिसलेलं नाही. फक्त शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे, मराठीतले चार आणि हिंदीतले चार म्हणजे आठ. आणि तीन भाषांनी मुलं गप्प होत असती तर आपल्या घणसोली-कोपरखैरण्यात निम्मी पोरं बोललीच नसती, इथे प्रत्येक मजल्यावर तीन भाषा आहेत. टीचरनी वाईट हेतूने सांगितलं नसणार, अजून बरेच जण हाच सल्ला देतात, अगदी डॉक्टरसुद्धा देतात, पण तो चुकीचा आहे आणि त्याने तुमच्या घरात किती नुकसान झालंय बघा. दिवसातले सगळ्यात जास्त तास तो ज्या माणसाबरोबर असतो तेच माणूस गप्प बसलंय. सकाळी तुम्ही निघता तेव्हापासून संध्याकाळी परत येईपर्यंत त्या घरात त्याच्याशी कोण बोलतंय? मोबाइल.

म्हणून माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे, आज घरी गेल्यावर सासूबाईंजवळ बसा आणि सांगा, आई तुम्ही बोला, तुमच्याच भाषेत बोला, मला तेच हवंय. 'बग बग, कसं भुर्र ग्येलं', 'आरं पडलं की रं', 'इकडं ये की माज्याकडं', हे बोलणं मुलाच्या कानासाठी फार चांगलं असतं, त्यात हेल असतो, आवाज वर-खाली होतो, शब्द पुन्हा पुन्हा येतात, हातवारे असतात, चेहरा बोलत असतो. तुम्ही ऑफिसमधून दमून येऊन तुटक इंग्लिशमध्ये 'ईट, कम, सिट' म्हणणार त्याच्या कितीतरी पट हे मोलाचं आहे. माणूस ज्या भाषेत चिडतो, लाड करतो, गोष्ट सांगतो, त्या भाषेत तो मुलाशी जास्त वेळ आणि मनापासून बोलतो, आणि मुलाला तेवढंच लागतं. इंग्लिश त्याला शाळेत मिळणारच आहे.

मग बोलायचं कसं, कारण नुसतं जास्त बोलणंही पुरत नाही. बऱ्याच घरांत मूल बोलत नाही म्हटलं की परीक्षा सुरू होते. हे काय आहे? सांग ना. गाय बोल. बोल गाय. काकांना म्हणून दाखव. मूल तोंड फिरवतं. आधी हे प्रश्न कमी करा, निम्म्याने जरी कमी झाले तरी घरातली हवा बदलते. प्रश्न विचारण्याऐवजी तो जे करतोय ते सांगा. तो गाडी ढकलतोय ना, त्याच्यासमोर जमिनीवर बसा, तुमचा चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या पातळीवर हवा, आणि म्हणा 'गाडी… गेली'. परत ढकलली, परत 'गाडी गेली'. एवढंच, लांबलचक वाक्य नको. तो आज एका वेळी एकच शब्द बोलत असेल तर तुम्ही दोन शब्दांचं बोला. तो 'गाडी' म्हणाला की तुम्ही 'गाडी पडली', 'लाल गाडी', 'आजीची गाडी'.

आणि थांबायला शिका. हे सगळ्यात अवघड आहे, आयांना तर फारच. समजा त्याला राजगिऱ्याचा लाडू आवडतो. घट्ट झाकणाच्या, आतलं दिसेल अशा डब्यात लाडू ठेवा आणि डबा त्याच्या हातात द्या. तो ओढाताण करेल, उघडणार नाही, मग तुमचा हात धरून झाकणावर ठेवेल. इथे लगेच उघडून द्यायचं नाही आणि 'उघड बोल' असा धोशाही लावायचा नाही. त्याच्याकडे बघत, चेहऱ्यावर 'काय रे?' असा भाव ठेवून मनात सावकाश दहापर्यंत मोजा. तो वर तुमच्याकडे बघेल, किंवा 'अं' करेल, किंवा डबा तुमच्याकडे ढकलेल. बस, तेच त्याचं बोलणं आहे आज. लगेच म्हणा 'उघड! उघडला. लाडू!' आणि लाडू हातात द्या. त्याने बघितलं, तुम्ही उत्तर दिलंत, यातच बोलण्याची सगळी मुळं असतात, शब्द त्याच्यानंतर येतो. आठवडाभराने तुम्ही नुसतं 'उ…' म्हणून थांबा, बघा तो पुढे काही भरतो का. काहीच केलं नाही त्याने तर दहा मोजून झाल्यावर तुम्हीच म्हणून लाडू द्यायचा, लाडू अडवून ठेवायचा नाही, तो चिडला की शिकणं संपलं.

असं आंघोळीला होतं, चपला घालताना होतं, खिडकीतून एनएमएमटीची बस दिसली की होतं. सासूबाई रोज दोन-तीन वेळा करतीलच, त्यांना कागदावर लिहून देऊ नका, त्यांच्यासमोर करून दाखवा. साबणाचे फुगेही खूप उपयोगी पडतात, एकदा फुंकायचं, सगळे फुटले की काडी तोंडाजवळ नेऊन थांबायचं, त्याच्याकडे बघत. तो बघेपर्यंत फुंकायचं नाही. बडबडगीत म्हणताना शेवटचा शब्द सोडून द्यायचा आणि वाट बघायची. भुर्र, धप्पकन, बुडुक, भू-भू हे सगळे आवाज शब्दच धरायचे, त्यांना बाळबोध म्हणून हिणवू नका, मुलं बऱ्याचदा याच दारातून आत येतात. बोट दाखवण्यासाठी दोन वस्तू दोन हातांत जरा लांब धरा, केळं आणि बिस्किट, तो हात पुढे करेल, मग त्याचं बोट हलकेच धरून वस्तूला लावा आणि ती लगेच द्या.

मोबाइल. इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने 2021 मध्ये सांगितलेलं आहे की दोन वर्षांखाली स्क्रीन नको, अधूनमधून व्हिडिओ कॉल चालतो, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त 1 तास, तोही मोठं माणूस शेजारी असताना. मोबाइलने ऑटिझम होतो असं नाही, ते मनातून काढून टाका. पण मोबाइल चालू असताना त्याच्याशी कुणी बोलत नाही आणि तोही कुणाकडे बघत नाही, तेवढे तास जातात ते जातातच. एकदम बंद करायला गेलात तर घरात रणकंदन होईल आणि तिसऱ्या दिवशी सगळे हार मानतील, म्हणून आधी फक्त जेवणाच्या वेळचा बंद करा. दोन-चार दिवस तो कमी जेवेल, जेवू दे. ते बसलं की पुढचा.

आता थेरपिस्ट. पैसे आगाऊ भरू नका. जिथे तपासणी न करताच पहिल्या दिवशी किती सेशन ते ठरतं, तिथून परत यायचं. आधी विचारा, स्पीच थेरपिस्टचं शिक्षण काय? बीएएसएलपी हा चार वर्षांचा कोर्स असतो, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, त्यापुढे मास्टर्स. आणि आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, तिची नोंदणी लागते. ही परिषद 1992 च्या कायद्याने झाली आणि नोंदणी नसताना ही प्रॅक्टिस करता येत नाही. नोंदणीचा नंबर मागा, चांगला थेरपिस्ट रागावत नाही, भिंतीवर सर्टिफिकेट लावलेलंच असतं. काही आठवड्यांचे ऑनलाइन कोर्स करून थेरपी देणारेही सापडतात, त्यांच्यात मायाळू माणसं असतील पण तुमच्या मुलाला तपासणीपासून सगळं लागणार आहे.

आणि ते पालकांनी बाहेर बसायचं म्हणतात ना, माझ्या मते या वयाच्या मुलासाठी हे बरोबर नाही. कधीतरी मूल आईला बघून काहीच करत नाही तेव्हा थोडा वेळ बाहेर थांबा म्हणतात, ते समजू शकतं. पण कायमचं दार बंद असेल तर तुम्ही काय शिकणार? आठवड्यात दोन वेळा पाऊण तास थेरपिस्ट त्याच्याबरोबर असणार, उरलेला सगळा आठवडा तुम्ही आणि सासूबाई. सेशनमध्ये काय केलं ते बघायला मिळालं पाहिजे, घरी काय करायचं ते सांगितलं पाहिजे, आणि सुरुवातीला लिहून ठेवलेल्या गोष्टींशी तीन महिन्यांनी ताडून बघितलं पाहिजे. थेरपिस्ट मराठी नसेल तरी चालेल, नवी मुंबईत तमिळ, मल्याळी, हिंदी बोलणारे खूप चांगले थेरपिस्ट आहेत, पण शब्द तुमच्या घरातले निवडायला सांगा, 'वॉटर' नको 'पाणी'. तीन महिन्यांत बोलायला लावतो अशी हमी कुणी दिली तर तिथे जाऊ नका, अशी हमी कुणालाच देता येत नाही. आणि थेरपिस्टने चित्रांची कार्डं काढली किंवा टॅबवर बोलणारं ॲप दाखवलं, चेन्नईत बनलेलं 'आवाज' हे त्यातलंच, तर घाबरू नका की आता हा कधीच बोलणार नाही. चित्र दाखवून मागायला शिकलेलं मूल बोलणं सोडत नाही, उलट त्याचं रडणं-आपटणं कमी होतं आणि बऱ्याच मुलांना बोलायलाही मदत होते.

पैशांचं लिहिलं नाहीत पण पॅकेजवरून अंदाज येतो. बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, केंद्र सरकारची, 1983 पासून, वाक् आणि श्रवण याच विषयाची. तिथे कानाची तपासणी आणि स्पीच थेरपी दोन्ही होतं आणि खर्च खासगीच्या मानाने खूप कमी येतो. तुम्हाला वाशीहून हार्बरने वडाळा रोड, तिथून गोरेगाव लोकलने बांद्रा, पुढे रिक्षा. मुंबई सेंट्रलच्या नायर हॉस्पिटललाही हा विभाग आहे. रोज जायला दोन्ही लांब पडतं हे मला कळतं, पण किमान तपासणी आणि सल्ला तिथे घेऊन रोजची थेरपी जवळ करता येते. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तिथेही जाऊन चौकशी करा. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, 2013 पासूनचा, त्यात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत असतात, त्याबद्दल ठाणे सिव्हिलमध्ये विचारा. पुढेमागे ऑटिझमचं निदान झालंच तर यूडीआयडी, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, काढून घ्या, लोक काय म्हणतील म्हणून टाळू नका, त्यावर निरामय योजनेत वर्षाला 1 लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीच्या खर्चाचाही ठरावीक भाग बसतो.

वेखंडाने बोलणं येत नाही. जिभेखालचा पडदा कापला की बोलेल असंही कुणीतरी सांगेल, पण तो पडदा खरोखर घट्ट असेल तर काही उच्चारांना त्रास होऊ शकतो, शब्दच न येण्याचं ते कारण नाही. 'आई, बाबा, दे, गाडी' म्हणणाऱ्या मुलाची जीभ हलतेय.

तुम्ही नोकरी करता म्हणून हे झालेलं नाही. चोवीस तास घरी असलेल्या आयांची मुलंही माझ्याकडे येतात, आणि त्यांना वाटतं आपण चार लोकांत नेलं नाही म्हणून झालं. आईला दोष शोधायची सवयच लावलेली असते. झोपा तुम्ही रात्री, हे काम लांबचं आहे आणि तुम्हाला ताकद लागणार आहे.

मिस्टरांना माझ्याकडून एवढं सांगा, की ते स्वतः उशिरा बोलले हे थांबण्याचं कारण नाही, लवकर तपासण्याचं कारण आहे, कारण घरात कुणी उशिरा बोललेलं असेल तर मुलाला भाषेची अडचण येण्याची शक्यता वाढते. काही मुलं आपोआप बोलायला लागतात हे खरं आहे, पण ती बहुतेक करून सगळं समजणारी, बोट दाखवणारी, खुणा करणारी मुलं असतात. कुठलं मूल त्यातलं आहे हे आधी खात्रीने ओळखता येत नाही, आणि थेरपी सुरू करून नंतर गरज नव्हती असं निघालं तर काय गेलं? बेराच्या दिवशी रजा त्यांना टाकू दे. पहाटे उठवणं, लोकलमध्ये जागं ठेवणं हे एकट्या माणसाचं काम नाही.

टीचरशी भांडायला जाऊ नका. तुम्हाला त्या लागणार आहेत. त्यांना सांगा की कानाची तपासणी चालू आहे, घरात आम्ही मराठीच बोलणार आहोत, आणि पाणी, शू, भूक, नको, आई एवढे शब्द त्यांना लिहून द्या, तो काय म्हणतोय ते त्यांना कळलं पाहिजे. वर्गाला सूचना देताना त्याच्याजवळ येऊन, नाव घेऊन, हाताने दाखवून एकच गोष्ट सांगायची, एवढी विनंती करा.

डॉक्टरांकडे जाताना मोबाइलमध्ये चार-पाच छोटे व्हिडिओ घेऊन जा, घरात नेहमीसारखा खेळताना, जेवताना, काहीतरी मागताना, आणि जुन्या फोनमध्ये तो 'पाणी' म्हणतानाचा असेल तर तो नक्की, कारण क्लिनिकमध्ये मुलं वेगळीच वागतात. शब्द कधी बंद झाले, त्या सुमारास ताप, सर्दी, घर बदलणं असं काही होतं का, तेही आठवून लिहून ठेवा. कानाचा रिपोर्ट आला की मला परत लिहा, त्यावरून पुढचं ठरवू.